लाउडस्पीकरची पारख आणि अ‍ॅम्प्लिफायरची निवड

सोने तोलण्यापूर्वी सराफ आपला तराजू तपासून घेतो. लाउडस्पीकर स्वतः बांधणाऱ्या हौशी कारागिरालाही हाच नियम लागू आहे. मायक्रोफोन आणि संगणक यांच्या साहाय्याने तो जो आलेख काढतो, त्यात लाउडस्पीकरच्या गुणदोषांबरोबर त्याला चालविणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचे गुणदोषही मिसळलेले असतात. ते निराळे ओळखता आले नाहीत, तर निर्दोष लाउडस्पीकरवर इलाज करीत बसण्याची पाळी येते. मग चाचणीसाठी अ‍ॅम्प्लिफायर निवडावा कसा, आणि त्यापायी फार खर्च करावा लागतो काय?

पहिला प्रश्न शक्तीचा. चाचणीत सामान्यतः लाउडस्पीकरला २.८३ व्होल्ट देऊन १ मीटर अंतरावर ध्वनी मोजतात. ८ ओहमच्या रोधात इतक्या दाबाने अवघी १ वॅट शक्ती खर्च होते. ४ ओहमच्या रोधात २ वॅट. तेव्हा २०-३० वॅटांचा साधा अ‍ॅम्प्लिफायर पुष्कळ झाला.

खरे महत्त्व आहे ते अ‍ॅम्प्लिफायरच्या अंतर्गत रोधाला. लाउडस्पीकरवर ८ ओहम असे लिहिलेले असले, तरी तो रोध स्वराबरोबर पालटत असतो. एखाद्या स्वराला तो ६ ओहम भरेल, तर खर्जातील अनुनादाच्या जागी ३० ओहमपर्यंत चढेल. अंतर्गत रोध २ ओहम असेल, तर या दोन जागी मिळणाऱ्या दाबांत सुमारे २ डेसिबलचा फरक पडतो, आणि आलेखात जो उंचवटा दिसतो तो लाउडस्पीकरचा नव्हे! अनेक व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरांत असा रोध आढळतो. तोच ०.१ ओहम असेल, तर फरक एकदशांश डेसिबलच्या आसपास राहतो.

याची परीक्षा घरच्या घरी होते. १०० हर्ट्‌झचा स्वर लावून, लाउडस्पीकर न जोडता, मीटरवर २.८३ व्होल्ट आणावेत. मग पुरेशा वॅटांचा ८ ओहमचा रोधक जोडावा. दाब २.८० च्या खाली उतरला नाही, तर अंतर्गत रोध ०.१ ओहमहून कमी आहे असे समजावे.

आता स्वस्ताईचा मोह. टीपीए ३११६ या चिपवर बांधलेले ‘डी’ वर्गाचे चिमुकले अ‍ॅम्प्लिफायर अल्प किमतीत मिळतात. परंतु त्यांत दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्यांच्या निर्गमावरील गाळणीमुळे तार सप्तकापलीकडील उंच स्वरांची पातळी जोडलेल्या लाउडस्पीकरनुसार बदलते. शिवाय त्यांच्या दोन्ही तारा ‘जिवंत’ असतात. त्यांतील एक साउंड कार्डाच्या भूमीला जोडली, तर यंत्राची हानी होऊ शकते. एलएम ३८८६ सारख्या चिपच्या नेहमीच्या मांडणीत ऋण तार भूमीलाच जोडलेली असते, म्हणून नवशिक्याला ती अधिक सोयीची.

घरात जुना, सुस्थितीतील ट्रान्झिस्टरचा स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर पडून असेल, तर वरील परीक्षा प्रथम त्याचीच घ्यावी. खर्ज-तारतेची बटणे मध्यावर ठेवावीत आणि ‘लाउडनेस’ बंद करावा. ऋण तार भूमीला जोडलेली आहे याची खात्री पटली आणि परीक्षेत तो उतरला, तर नवा घेण्याचे कारण नाही. चाचणीच्या अ‍ॅम्प्लिफायरने आपले असे काही बोलू नये, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा असते. आणि हा गुण किमतीवरून नव्हे, मोजूनच कळतो.