मृत्यूचं बोलावणं (५) : तिसरा मित्र

'एव्हरीमन' या जुन्या इंग्रजी नाटकात मृत्यूने हजार पौंडांची लाच झिडकारल्यावर नायक एव्हरीमन शेवटच्या प्रवासासाठी सोबत शोधायला निघाला. आज या नाटकाच्या साल्झबर्गमधल्या प्रयोगावर लिहायचं कबूल केलं होतं, पण एका वाचकाच्या प्रश्नाने मला आडवाटेला नेलं. सोबत्यांच्या कसोटीची ही कल्पना नाटककाराची स्वतःची का, असं ते विचारतात.

नाही, ती फार जुनी आहे. 'बार्लाम आणि जोसाफॅट' ही संतकथा मध्ययुगीन युरोपात अतिशय लोकप्रिय होती. बाप राजपुत्र जोसाफॅटला महालात कोंडून ठेवतो. तरी त्याला रोगी दिसतो, म्हातारा दिसतो, आणि शेवटी तो राज्य सोडतो. ओळखलंत ना? हे बुद्धचरित्रच. अरबी, जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन अशी मजल दरमजल करत ते ख्रिस्ती झालं, आणि जोसाफॅटला रोमन चर्चच्या संतांच्या यादीत २७ नोव्हेंबर हा दिवसही मिळाला.

या कथेत बार्लाम नावाचा संन्यासी राजपुत्राला एक दृष्टान्त सांगतो. एका माणसाला कर्जाचा हिशोब द्यायला राजाकडून बोलावणं येतं. त्याचा जिवलग मित्र अंगावर दोन फाटकी वस्त्रं टाकून वाटेला लावतो; हा मित्र म्हणजे संपत्ती. दुसरा चार पावलं सोबत चालून मागे फिरतो. ते बायकापोरं आणि नातलग. ज्याला कधी विचारलंही नव्हतं तो तिसरा मात्र जुना उपकार व्याजासकट फेडायला राजापुढे उभा राहतो. हा तिसरा म्हणजे श्रद्धा, दानधर्म, सत्कर्म.

नाटककाराने या हाडांवर मांस चढवलं. त्याचा दोस्त एव्हरीमनसाठी खून पाडायला तयार आहे, पण या प्रवासाला नाही. चुलतभाऊ तर सांगतो, पायाच्या अंगठ्यात पेटका आलाय! ऐनवेळी अंग काढून घेणारे हे लोक प्रेक्षकांच्या चांगलेच ओळखीचे असणार.

पण माझ्या मते त्याची खरी करामत तिसऱ्या मित्रात आहे. दृष्टान्तातला तिसरा मित्र धडधाकट आहे. नाटकातलं सत्कर्म मात्र गारठलेल्या जमिनीवर पडलंय. एव्हरीमनच्या पापांनी त्याला असं जखडलंय की उठताही येत नाही. एव्हरीमन पापाची कबुली देतो, प्रायश्चित्ताचा आसूड स्वतःच्या पाठीवर ओढतो, तेव्हा कुठे ते पायांवर उभं राहतं. म्हणजे पुण्य गाठीला असूनही भागत नाही. ते चालतं होण्यासाठी चर्चच्या दारातूनच जावं लागतं. नेमका हाच मुद्दा तेव्हा ऐरणीवर आला: नाटकाच्या छापील प्रती सोळाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांतल्या, आणि १५१७मध्ये ल्यूथरने वाद पेटवला तो प्रायश्चित्त आणि पापमुक्तीवरूनच.

याच नाटकात पैसे घेऊन संस्कार विकणाऱ्या पाद्र्यांनाही चार खडे बोल सुनावलेत. ते प्रकरण आधी हातावेगळं करू, साल्झबर्ग त्यानंतर.