कालव्यांची शहरे आणि काटकसरी पाहुणे

२०१९ सालच्या जुलै महिन्यात व्हेनिसमध्ये एक किरकोळ घटना घडली. पाठीवर सॅक टाकून हिंडणारे एक जर्मन जोडपे रिआल्टोच्या पुलाच्या पायथ्याशी पायऱ्यांवर बसले. त्यांनी सॅकमधला लहानसा स्टोव्ह काढला आणि त्यावर ते आपली कॉफी करू लागले. वाटेने जाणाऱ्या कोणीतरी पोलिसांना कळवले. पोलीस आले, ९५० युरोंचा दंड झाला आणि दोघांना शहर सोडून जाण्यास सांगण्यात आले. नगरपालिकेने त्याच वर्षी केलेल्या नियमांत तशी तरतूद होती. वृत्तपत्रांना हा विषय काही दिवस पुरला. कोणी व्हेनिसच्या कठोरपणाला नावे ठेवली, कोणी त्या जोडप्याच्या कद्रूपणाला.

सोळाव्या शतकातील पुलाच्या पायऱ्यांवर, भर गर्दीत, कोणी स्टोव्ह पेटवू नये हे उघड आहे. शिवाय इटलीत कॉफी दुकानातल्या फळीपाशी उभ्याने प्यायली तर टेबलाशी बसून पिण्यापेक्षा पुष्कळच स्वस्त पडते. तेव्हा ती काटकसरही फारशी शहाणपणाची नव्हती. त्या जोडप्याची वकिली करण्याचे कारण नाही. मात्र जेथे ती कॉफी उकळत होती तेथून हाकेच्या अंतरावर, कांपो सान बार्तोलोमिओ या चौकात, औषधांचे एक दुकान आहे. त्याच्या खिडकीत २००८ सालापासून आकड्यांचा एक फलक लावलेला आहे. औषधांच्या किमतीशी त्याचा संबंध नाही. व्हेनिसच्या जुन्या शहरात किती माणसे उरली, एवढेच तो सांगतो. १९५१ साली ही संख्या सुमारे पावणेदोन लाख होती. २०२२च्या ऑगस्टमध्ये ती पन्नास हजारांच्या खाली गेली. ही माणसे कोठे गेली आणि त्यांच्या घरांत आता रात्री कोण निजते, हा व्हेनिसपुढचा खरा प्रश्न आहे. शहराचा रोष ओढवला तो मात्र पायरीवरच्या स्टोव्हने.

हा सारा दोष पर्यटकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटिमीटरपर्यंत चढले आणि तळमजल्यावरचे जिणे किती बेभरवशाचे आहे हे शहराने अनुभवले. त्याच्या आधीपासूनच मेस्त्रे आणि मार्गेरा येथे, म्हणजे खाडीपलीकडच्या जमिनीवर, कारखाने होते, नोकऱ्या होत्या, कोरड्या भिंतींची नवी घरे होती. तरुण कुटुंबांनी तिकडची वाट धरली यात नवल नाही. परंतु पूर्वी रिकामे झालेले घर आज ना उद्या दुसऱ्या कुटुंबाला मिळण्याची आशा असे. आता ते तसे मिळत नाही. मालकाला महिन्याच्या भाडेकरूपेक्षा रात्रीचा पाहुणा अधिक लाभाचा वाटतो. पर्यटकांसाठीच्या खाटांची संख्या जुन्या शहरातील रहिवाशांच्या संख्येपेक्षा अधिक झाल्याचे २०२३ साली तेथील नागरिकांच्या संघटनांनी मोजून दाखवले. जेथे राहणाऱ्यांपेक्षा मुक्कामाला येणाऱ्यांच्या खाटा जास्त, त्या वस्तीला शहर म्हणावे की धर्मशाळा, हे ज्याचे त्याने ठरवावे.

कालव्यांच्या शहरांत हा प्रश्न इतका तीव्र का होतो, हे समजण्यासाठी त्यांची घडण ध्यानात घ्यावी लागते. आज छायाचित्रात मोहक दिसणारे ते पाणी मुळात मालाची सडक होते. सतराव्या शतकात, १६१३ नंतर, ॲमस्टरडॅमच्या भोवती कालव्यांची वलये खोदली गेली ती व्यापारासाठी. तेथील घरांच्या माथ्यावर आजही लोखंडी आकडे दिसतात. अरुंद जिन्यांवरून न जाणारे सामान दोराने खिडकीतून वर घेण्याची ती सोय. उट्रेख्टमध्ये रस्त्याच्या खाली, पाण्याच्या पातळीलगत, तळघरांची रांग आहे. होडी लागली की माल थेट तळघरात जाई. ब्रूजची भरभराट तर समुद्राकडे जाणारी खाडी उघडी होती तोवरच. ती गाळाने भरत गेली, व्यापार अँटवर्पकडे वळला, आणि शहर शतकानुशतके दारिद्र्यात राहिले. नवे बांधायला पैसा नव्हता म्हणून जुने टिकले, आणि आज ते जुनेपणच शहराचे भांडवल झाले आहे.

अशी शहरे चालवणे मात्र महाग. व्हेनिसमध्ये गल्लीबोळांतून कचरा हातगाडीने पाण्याच्या काठापर्यंत न्यायचा आणि मग होडीत भरायचा. भाजी, सिमेंट, गाद्यांच्या चादरी, आजारी माणूस, सारे पाण्यावरून. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा प्रवासी या यंत्रणेवर भार टाकतो आणि मुक्कामाचा करही देत नाही. त्याच्याकडून काही घ्यावे असे नगरपालिकेला वाटले तर ते गैर नव्हे. २५ एप्रिल २०२४ पासून व्हेनिसने ठरावीक दिवशी प्रवेशशुल्क सुरू केले. पहिल्या वर्षी असे २९ दिवस होते, २०२५ मध्ये ५४ झाले. सकाळी साडेआठ ते दुपारी चारपर्यंत शहरात येणाऱ्याने ५ युरो द्यायचे. २०२५ मध्ये अगदी शेवटच्या दिवसांत नोंदणी करणाऱ्याला ते १० पडू लागले. व्हेनेतो प्रांताचे रहिवासी, चौदा वर्षांखालील मुले आणि व्हेनिसच्या हद्दीत मुक्काम करणारे यांना माफी. मेस्त्रे त्याच हद्दीत मोडत असल्याने तेथील स्वस्त वसतिगृहात राहणारा सुटतो. अर्ध्या तासाच्या अंतरावर पादोव्हा येथे खाट मिळवलेला पाहुणा मात्र सुटत नाही.

या शुल्कामागचा हेतू गर्दी आवरण्याचा असल्याचे सांगितले गेले. प्रत्यक्षात पाच युरोंनी कोण थांबतो? सान मार्कोच्या चौकात वाद्यवृंद ऐकत बसून कॉफी पिणारा त्याहून अधिक रक्कम एका पेल्याला मोजतो. त्याला हे शुल्क जाणवतही नाही. ते जाणवते ते खिशात मोजके पैसे घेऊन आलेल्याला. २०२५ मध्ये व्हापोरेट्टोच्या, म्हणजे सार्वजनिक मोटारबोटीच्या, पंचाहत्तर मिनिटांच्या तिकिटाला बाहेरचा प्रवासी साडेनऊ युरो देत होता. स्थानिकाला तेच तिकीट पासावर त्याच्या अल्पशा हिश्शात मिळे. गोंडोलाचा दिवसाचा सरकारी दर अर्ध्या तासाला ९० युरो. म्हणून काटकसरी जोडपे गोंडोला दुरूनच पाहते, ग्रँड कॅनाल ओलांडण्यापुरते दोन युरो देऊन त्रागेत्तोत उभे राहते, बाकी पायी हिंडते आणि चौकाचौकांतल्या नळांवर बाटली भरून घेते. शहराचा धक्का, होडी आणि जागा कमीत कमी वापरणाराच हिशेबात सर्वांत अधिक अडतो, असा हा उफराटा न्याय आहे.

ॲमस्टरडॅमने याच बाबतीत अधिक विचार केलेला दिसतो. २०२० पासून तेथे मुक्कामावर खोलीच्या भाड्याच्या ७ टक्के आणि शिवाय माणशी रात्री ३ युरो असा दुहेरी कर होता. समजा, वसतिगृहातली खाट चाळीस युरोंना पडते आणि चांगल्या हॉटेलातली दोघांची खोली तीनशेंना. खाटेवर एकूण पाच युरो ऐंशी सेंट कर बसे, खोलीवर सत्तावीस युरो. २०२४ मध्ये ठोक रक्कम काढून टाकून साडेबारा टक्के हा एकच दर ठेवला गेला. आता त्याच खाटेला पाच युरो आणि त्याच खोलीला साडेसदतीस युरो पडतात. युरोपातील सर्वांत जड मुक्काम-कर म्हणून या दरावर टीका झाली. पण ज्याचा बिछाना महाग त्याने अधिक द्यावे, हे तत्त्व तरी त्यात आहे. नव्या हॉटेलांना आळा घालण्याचे आणि खासगी घर वर्षाकाठी तीस रात्रींपेक्षा अधिक पर्यटकांना न देण्याचे नियमही त्या शहराने केले. ब्रूजने जुन्या वस्तीत नव्या सुट्टीच्या घरांना बंदी केली ती तर या शतकाच्या आरंभीच.

गरीब प्रवाशाविषयीची अढी काही आजची नाही. १९७० च्या उन्हाळ्यात ॲमस्टरडॅमच्या दाम चौकात राष्ट्रीय स्मारकाभोवती तरुण परदेशी प्रवासी उघड्यावर झोपत. ऑगस्टमध्ये नौसैनिकांनी त्यांना तेथून पिटाळले. मग व्होंडेल उद्यानात निजण्याची मुभा मिळाली, १९७५ मध्ये तीही गेली. याच सुमारास, १९७२ साली, रेल्वेने तरुणांसाठी इंटररेलचा पास काढला आणि सॅकवाल्यांची रीघ लागली. म्हणजे एका हाताने बोलावायचे आणि दुसऱ्या हाताने हाकलायचे, ही रीत जुनी. फरक इतकाच की, त्या वेळी झोपणारा चौकात डोळ्यांसमोर होता. आज जे शहर पोखरते ते बंद दाराआड निजते.

महाराष्ट्रातून जाणाऱ्या एखाद्या शिक्षक जोडप्याला या साऱ्याचा आणखी एक पदर दिसेल. त्याचा खर्च पाण्याजवळ पोहोचण्याच्या कितीतरी आधी सुरू होतो. जून २०२४ पासून शेंगेन व्हिसाचे शुल्क प्रौढ माणशी ९० युरो आहे. अर्ज नामंजूर झाला तरी ते परत मिळत नाही. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा, मुक्कामाच्या नोंदी, बँकेचा उतारा हे वेगळेच. युरोपीय नागरिकाच्या दृष्टीने ठोक रक्कम किरकोळ असते. रुपयात पगार घेणाऱ्याला तीच रक्कम अनेक पटींनी जड होते. तेव्हा ठोक शुल्काचा जाच कोणावर पडतो, हे त्याला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु काटकसर म्हणजे निर्दोषता नव्हे, हेही सांगितले पाहिजे. स्वस्त म्हणून जोडपी जी खोली निवडतात ती पुष्कळदा पूर्वी कोणा कुटुंबाची असते. स्वयंपाकघर मिळते, बाहेर जेवण्याचा खर्च वाचतो, ‘स्थानिकांसारखे’ राहिल्याचा आनंदही मिळतो. फक्त तो स्थानिक तेथे उरलेला नसतो. जिन्यावरून चाकांच्या पेट्या खडखडत जातात, शेजारी रोज नवा येतो, खालचा वाणी दुकान बंद करून मुखवटे विकायला लागतो. याउलट वसतिगृहात एका खोलीत सहा-आठ माणसे निजतात. व्हेनिसच्या जूदेक्का बेटावर पाण्याच्या काठी धान्याच्या एका जुन्या वखारीत असे वसतिगृह झाले. वखारीची वसतिगृह झाल्याने कोणा कुटुंबाचा निवारा गेला नाही. म्हणून त्या जर्मन जोडप्याला विचारायचेच असेल तर कॉफी कोठे केली यापेक्षा रात्र कोठे काढली, हे विचारणे अधिक उचित झाले असते. पोलिसांनी ते विचारल्याचे बातमीत नव्हते, आणि नियमांना तसे विचारण्याची गरजही नव्हती.

व्हेनिसच्या हाती साधने नाहीत असे नाही. मोठ्या प्रवासी जहाजांना १ ऑगस्ट २०२१ पासून जूदेक्काच्या कालव्यात मज्जाव झाला. वर्षानुवर्षे अशक्य म्हटलेली गोष्ट सरकारने मनावर घेताच झाली. भरतीचे पाणी अडवणारी ७८ दारे, कितीही उशिरा आणि भ्रष्टाचाराच्या डागासह का होईना, ३ ऑक्टोबर २०२० रोजी प्रत्यक्ष भरती अडवण्यासाठी पहिल्यांदा उचलली गेली. २०२२ मध्ये इटलीच्या संसदेने पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांवर मर्यादा घालण्याचा खास अधिकार व्हेनिसला दिला. घरमालकांना दुखावणारा हा अधिकार वापरणे वेशीवर पाच युरो गोळा करण्याइतके सोपे नाही. घरमालकाला तेथे मत आहे. पादोव्ह्याहून सकाळच्या गाडीने येणाऱ्या सॅकवाल्याला ते नाही.