एनएमएमएस परीक्षा : आठवीच्या लेकराचे गणितात मार्क कुठे जातात आणि घरच्या घरी तयारी कशी करायची?

धाराशिव : दरमहा १,००० रुपये, वर्षाला १२,००० रुपये आणि नववी ते बारावी अशा चार वर्षांत मिळून ४८,००० रुपये. आठवीत असताना एकच परीक्षा नीट दिली, तर एवढी शिष्यवृत्ती थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात येऊ शकते. ही परीक्षा म्हणजे एनएमएमएस, सरकारी भाषेत ‘राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक विद्यार्थी शिष्यवृत्ती योजना परीक्षा’. आठवीनंतर वह्या, एसटीचा पास, क्लासची फी असा खर्च वाढतो आणि कित्येक घरांत त्याच वेळी शाळा सुटते. मूल शाळेत टिकावं, हाच या योजनेचा उद्देश आहे.

पण फॉर्म भरलेली सगळी मुलं यादीत येत नाहीत. ‘गणित अवघड गेलं’ असं मुलं सांगतात. प्रत्यक्षात बरेच मार्क अवघड गणितात जात नाहीत. ते पाढ्यांत, अपूर्णांकांत, प्रश्न घाईत वाचण्यात आणि वेळेत जातात. या चारही गोष्टी घरी सुधारता येतात. त्यासाठी आई-वडिलांना स्वतःला गणित यायलाच पाहिजे असं नाही.

परीक्षा नेमकी कशी असते?

ही परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते. एकाच दिवशी दोन पेपर असतात.

पहिला पेपर बौद्धिक क्षमता चाचणीचा : ९० प्रश्न, ९० गुण, वेळ ९० मिनिटे. यात संख्यामालिका, आकृत्या, गटात न बसणारं पद, सांकेतिक भाषा, दिनदर्शिका असे प्रश्न येतात.

दुसरा पेपर शालेय क्षमता चाचणीचा : यातही ९० प्रश्न, ९० गुण आणि ९० मिनिटे. त्यात सामान्य विज्ञान ३५, समाजशास्त्र ३५ आणि गणित २० गुणांना असतं. हा पेपर सातवी-आठवीच्या अभ्यासक्रमावर असतो.

कागदावर गणित २० गुणांचं दिसतं. पण पहिल्या पेपरातही आकडेमोड करायला लावणारे प्रश्न भरपूर असतात. त्यामुळे ज्याचं गणित पक्कं, त्याचे दोन्ही पेपर सुधारतात. शिष्यवृत्ती परीक्षेतही गणिताचे ५० प्रश्न आणि १०० गुण असतात. म्हणजे एकदा केलेली मेहनत दोन ठिकाणी कामाला येते.

पात्र होण्यासाठी दोन्ही पेपर मिळून ४० टक्के, म्हणजे १८० पैकी ७२ गुण लागतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ही अट ३२ टक्क्यांची आहे. पण पात्र होणं वेगळं आणि निवड होणं वेगळं. राज्याचा कोटा ११,६८२ विद्यार्थ्यांचा आहे आणि तो जिल्हा व प्रवर्गानुसार वाटलेला असतो. म्हणजे परंडा किंवा लोहारा तालुक्यातल्या मुलाची स्पर्धा पुण्या-मुंबईच्या मुलांशी नसते, आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांशी असते. इथे दोन-चार मार्कांनीही फरक पडतो.

कोण बसू शकतं?

शासकीय, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि अनुदानित शाळेत आठवीत शिकणारा विद्यार्थी बसू शकतो. सातवीत किमान ५५ टक्के गुण हवेत (अनुसूचित जाती-जमातीसाठी ५० टक्के). पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असावं. विनाअनुदानित शाळा, नवोदय, केंद्रीय विद्यालय आणि शासकीय निवासी शाळेतल्या मुलांना ही शिष्यवृत्ती नाही. फॉर्म शाळेमार्फत ऑनलाइन भरला जातो, म्हणून मुख्याध्यापकांकडे वेळेत चौकशी करा. मुदत आणि अटींतले ताजे बदलही शाळेतच कळतात.

पहिली गळती : पाढे आणि अपूर्णांक

९० मिनिटांत ९० प्रश्न म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. सतरा साते किती, हे बोटांवर मोजायला २० सेकंद गेले तर प्रश्न वाचायला वेळच उरत नाही. म्हणून २० पर्यंतचे पाढे, २५ पर्यंतच्या संख्यांचे वर्ग आणि १० पर्यंतचे घन तोंडपाठ हवेत. यात दुसरा शॉर्टकट नाही.

अपूर्णांकासाठी घरातल्या म्हाताऱ्या माणसांची मदत घ्या. जुन्या शाळेत पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत. ज्या आजोबांना ती अजून येते, त्यांच्याकडून नातवाने रोज दहा मिनिटं ऐकावी. सोळाची अडीचपट चाळीस, चोवीसची पाऊणपट अठरा, हे तोंडी यायला लागलं की टक्केवारीची भीती जाते.

सोबत हा छोटा तक्ता चुलीजवळच्या भिंतीवर किंवा दाराच्या मागे चिकटवा :

- अर्धा म्हणजे ५० टक्के
- एक तृतीयांश म्हणजे ३३ पूर्णांक १/३ टक्के
- पाव म्हणजे २५ टक्के
- एक पंचमांश म्हणजे २० टक्के
- एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के

दुसरी गळती : प्रश्न अर्धा वाचणे

चार पर्यायांत एक उत्तर असं ठेवलेलं असतं, की घाई केली तर तेच बरोबर वाटतं. आपल्याकडच्या व्यवहारातली उदाहरणं घेऊन पाहू.

*शेळीचा नफा.* समजा उस्मानाबादी शेळी ५,००० रुपयांना घेतली आणि ६,००० रुपयांना विकली. नफा किती टक्के? नफा १,००० रुपये. तो नेहमी खरेदी किमतीवर काढायचा. ५,००० वर १,००० म्हणजे २० टक्के. जो विद्यार्थी ६,००० वर काढतो, त्याला १६ पूर्णांक २/३ टक्के येतात. गंमत म्हणजे तेही उत्तर पर्यायांत दिलेलं असतं!

*सोयाबीनची काढणी.* ६ मजूर एक शेत ४ दिवसांत काढतात, तर ८ मजूर किती दिवसांत काढतील? मजूर वाढले की दिवस कमी होणार, म्हणजे हे व्यस्तप्रमाण. एकूण काम ६ गुणिले ४ म्हणजे २४ मजूर-दिवस. त्याला ८ ने भागलं की ३ दिवस. गणित मांडण्याआधी मुलाला एवढंच विचारा, ‘उत्तर वाढणार का कमी होणार?’ हा प्रश्न शेतात राबणारा कुठलाही बाप विचारू शकतो.

*खव्याची भट्टी.* समजा ५ लिटर दुधातून १ किलो खवा निघतो. ३५ लिटर दुधातून किती? दूध वाढलं की खवा वाढणार, हे समप्रमाण. उत्तर ७ किलो. भूमकडच्या पोरांना हे पुस्तकाआधीच कळलेलं असतं, फक्त त्याला समप्रमाण म्हणतात हे सांगावं लागतं.

*भाव वाढला, मग सूट.* १,००० रुपयांच्या साडीचा भाव २० टक्क्यांनी वाढवला आणि नंतर २० टक्के सूट दिली. किंमत पुन्हा १,००० होईल का? नाही. वाढून १,२०० झाली. सूट १,२०० वर मिळते, ती २४० रुपये. राहिले ९६०. टक्के कशावर काढायचे, हे न पाहिल्यामुळे इथे मार्क जातो.

*पत्र्यावरचं पाणी.* १० मीटर लांब आणि ६ मीटर रुंद सपाट छतावर ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर पाणी किती? एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर पाणी. छत ६० चौरस मीटर, म्हणून ६० गुणिले ५० म्हणजे ३,००० लिटर. दुष्काळ पाहिलेल्या जिल्ह्यात क्षेत्रफळ आणि घनफळ शिकवायला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधायची गरज नाही.

प्रश्न वाचताना ‘नाही’, ‘विसंगत’, ‘किमान’, ‘जास्तीत जास्त’ या शब्दांखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय लावा. मीटर आणि सेंटिमीटर, तास आणि मिनिटे, किलो आणि क्विंटल एकाच प्रश्नात असतील तर आधी एकक सारखं करायचं.

तिसरी गळती : सगळं गणित लांबलचक सोडवणे

शाळेच्या परीक्षेत पायऱ्यांना मार्क असतात. इथे फक्त उत्तराला आहेत. म्हणून सोपी वाट शोधायला शिकवा. ३७ गुणिले ४३ आलं तर उभा गुणाकार कशाला? ३७ म्हणजे ४० वजा ३ आणि ४३ म्हणजे ४० अधिक ३. मग ४० चा वर्ग १,६०० वजा ३ चा वर्ग ९, उत्तर १,५९१. हे सूत्र पुस्तकातलंच आहे, फक्त ते कुठे वापरायचं हे सरावाने कळतं.

संख्यामालिकेत आधी शेजारच्या दोन संख्यांतला फरक लिहायचा. २, ६, १२, २०, ३०, पुढे काय? फरक ४, ६, ८, १० असा वाढतोय. पुढचा फरक १२, म्हणून उत्तर ४२.

दिनदर्शिकेत सातने भागून बाकी पाहायची. २०२५ मध्ये १५ ऑगस्टला शुक्रवार होता, तर २ ऑक्टोबरला कोणता वार? मधले दिवस १६, ३० आणि २ मिळून ४८. सातने भागलं की बाकी ६. शुक्रवारच्या पुढे सहा वार मोजले की गुरुवार. घरातलं कॅलेंडर काढून मुलाला स्वतः पडताळू द्या.

चौथी गळती : वेळ आणि गोळे

उत्तरपत्रिकेवर योग्य पर्यायाचा गोळा पेनने रंगवायचा असतो. एकदा रंगवला की खाडाखोड चालत नाही. एक प्रश्न सोडून पुढे गेलं आणि गोळा आधीच्याच ओळीत भरला, तर पुढची सगळी उत्तरं सरकतात. म्हणून दर दहा प्रश्नांनी प्रश्नाचा नंबर आणि गोळ्याचा नंबर जुळतो का, हे पाहायचं.

चुकीच्या उत्तराला मार्क कापले जात नाहीत. त्यामुळे एकही गोळा रिकामा सोडायचा नाही. सोपे प्रश्न आधी, अडलेल्या प्रश्नावर खूण करून पुढे आणि शेवटची पाच मिनिटं राहिलेल्या गोळ्यांसाठी, असा क्रम ठेवायचा.

घरी रोज पाऊण तास, असा

- पहिली १० मिनिटं तोंडी : पाढे, वर्ग, पावकी-निमकी. आई भाकरी करता करता विचारू शकते.
- पुढची २० मिनिटं : सातवी-आठवीच्या पुस्तकातला एकच घटक. पुस्तक नसेल तर ई-बालभारतीवर मोफत मिळतं. पुस्तकातला क्यूआर कोड दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचं साहित्य मोबाईलवर दिसतं.
- शेवटची १५ मिनिटं : मोबाईलवर टायमर लावून १५ प्रश्न. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका शाळेतल्या सर-मॅडमकडे मागा.

रविवारी एक पूर्ण पेपर ९० मिनिटं बसून सोडवायचा. त्या वेळात फोन दुसऱ्याच्या हातात.

पेपर तपासल्यावर मार्क किती, एवढंच विचारून थांबू नका. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे तीनपैकी एक खूण करायला लावा : ‘येतच नव्हतं’, ‘येत होतं पण घाई केली’ किंवा ‘वेळ पुरला नाही’. पहिली खूण जास्त असेल तर तो धडा पुन्हा शिकायचा. दुसरी जास्त असेल तर रेघ मारून प्रश्न वाचायचा. तिसरी जास्त असेल तर पाढे आणि टायमर. सरसकट ‘अभ्यास कर’ म्हणण्यापेक्षा यातून नेमकं काय करायचं हे कळतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांसाठी

ही परीक्षा अलीकडे डिसेंबरच्या शेवटी, रविवारी होत आली आहे. २०२३ मध्ये ती २४ डिसेंबरला आणि २०२४ मध्ये २२ डिसेंबरला झाली. नेमकं त्याच वेळी कळंब, वाशी, भूमकडची कित्येक कुटुंबं कोयता घेऊन कारखान्यावर गेलेली असतात. लेकरू सोबत गेलं तर परीक्षाच हुकते. शक्य असेल तर त्याला निदान परीक्षेपर्यंत आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे गावात ठेवा. हंगामी वसतिगृहाचा विचार असेल तर शिष्यवृत्तीच्या अटीवर त्याचा परिणाम होतो का, हे आधी मुख्याध्यापकांना विचारा. जाण्यापूर्वी फॉर्म भरला गेला का, याचीही खात्री करा.

यादीत नाव आल्यावर आणि न आल्यावर

नाव आलं की काम संपत नाही. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज भरावा लागतो आणि बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. नववीत पहिल्याच प्रयत्नात पास व्हावं लागतं. दहावीत किमान ६० टक्के (अनुसूचित जाती-जमातीसाठी ५५ टक्के) मिळाले तरच अकरावी-बारावीचे पैसे चालू राहतात.

पात्र झालं पण कोट्यात नाव आलं नाही, तरी मराठा, कुणबी, मराठा-कुणबी आणि कुणबी-मराठा विद्यार्थ्यांसाठी सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे. त्यात दरमहा ८०० म्हणजे वर्षाला ९,६०० रुपये मिळतात. म्हणून ७२ गुणांची पायरी ओलांडणं हेही वाया जात नाही. निकाल लागल्यावर शाळेत याची चौकशी जरूर करा.

आणि यातलं काहीच मिळालं नाही तरी पाढे, टक्केवारी आणि प्रमाण पक्कं झालेलं लेकरू दहावीच्या गणिताला घाबरत नाही. बाजार समितीतली काटापट्टी हातात घेऊन ४,३५० रुपये क्विंटलच्या भावाने ६८ किलोचे २,९५८ रुपये होतात, हे ते जागेवर सांगतं. आज संध्याकाळी त्याला हाच हिशोब तोंडी विचारून बघा. तयारी कुठून सुरू करायची, ते लगेच कळेल.