कोयत्याचा हिशेब

बीड जिल्ह्यात ऊसतोडीचा पैसा आधी येतो, काम मागून. शिरूर कासार, पाटोदा, धारूरकडच्या वाड्या-तांड्यांवर मुकादम पावसाळ्यातच उचल वाटतो. पेरणी, लग्न, दवाखाना यांत ती संपूनही जाते. दिवाळीच्या सुमारास घरांना कुलपं लागतात, म्हातारी माणसं तेवढी मागं राहतात. कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे निघालेला हा माणूस कमवायला नाही, फेडायला चाललेला असतो.

उचल ठरते ती कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीवर. फडाच्या कडेला थोडा वेळ थांबलं की जोडीतली वाटणी दिसते. नवरा वाकून ऊस अगदी जमिनीलगत तोडतो. खालच्या कांड्यांत साखर जास्त, म्हणून बुडखा वर राहिला तर कारखान्याचा माणूस हटकतो. बायको पाचट काढते, ऊस सारखे करते, वाढ्याला, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्याला, पीळ देऊन मोळी आवळते. मग चुंबळीवर मोळी घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढते. पहाटेच्या दवानं फळी निसरडी झालेली असते. पायाची बोटं फळीला रोवत ती वर जाते, मोळी टाकते, उतरते आणि पुढची उचलते. गाडी रात्री आली तर रात्री भरायची.

जानेवारी २०२४मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. टनाला ३६६ रुपये. जोडीनं दिवसाला दोन टन तोडले तर दोघांचे मिळून ७३२. तेही हातात पडत नाहीत, उचलीत वळते होतात. रोख मिळते ती वाढ्यांची. गावातले लोक जनावरांसाठी पेंढ्या विकत घेतात, त्यावर बाजारहाट भागतो.

आजारपणात दिवस गेला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पाळीच्या त्रासातही फडात उभं राहावं लागतं ते यामुळे. या त्रासापायी गर्भाशय काढून टाकलेल्या तोडणी कामगार बायकांची संख्या इतकी मोठी दिसू लागली, की २०१९मध्ये राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली.

एवढं करून उचलीचा व्यवहार होतो नवऱ्याशी. मला हा या साऱ्या व्यवहारातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो. बायकोची मजुरी तिच्या नावानं लागली पाहिजे आणि बाळंतपणाचा, पाळीचा दिवस खाड्यात धरणं बंद झालं पाहिजे. मार्च-एप्रिलात पट्टा पडतो, म्हणजे हंगाम संपतो, मुकादम वही काढतो. फिटली नाही ती बाकी पुढच्या हंगामावर चढते, आणि ती फेडायला तिलाही पुन्हा जावं लागतं.