चिकटवही, डिजिटल
छायाचित्रे, रंगीत कागद, फिती, फुले, शिक्के इ. वस्तूंच्या प्रतिमा आणि हकिगतवजा मजकूर यांची संगणकाच्या पडद्यावर जुळणी करून आठवणींची पाने तयार करण्याच्या छंदास डिजिटल चिकटवही असे म्हणतात. कात्री व खळ यांच्या साहाय्याने तयार होणाऱ्या कागदी चिकटवहीचे म्हणजेच स्क्रॅपबुकचे हे संगणकीय रूप होय. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभापासून हा छंद मुख्यत्वे अमेरिकेची संयुक्त संस्थाने व अन्य इंग्रजी भाषक देशांत रूढ झाला. विशिष्ट अटी पाळून ठराविक मुदतीत पान पूर्ण करावयाची ‘आव्हाने’ हे या छंदाचे एक महत्त्वाचे अंग आहे. ही आव्हाने वरवर केवळ करमणुकीची वाटतात. तथापि साचत जाणाऱ्या असंख्य छायाचित्रांतून मोजकी निवडावयास आणि त्यांमागील हकिगत लिहून ठेवावयास लावणे, हे त्यांचे खरे कार्य होय.

इतिहास : वाचनात आलेली वचने व टिपणे एकत्र उतरून ठेवण्याच्या संग्रहवह्या यूरोपात प्रबोधनकाळापासून प्रचलित होत्या. जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने अशा वहीची सूची कशी करावी, याची एक पद्धतही सांगितली होती. जेम्स ग्रेंजर याचा इंग्लंडचा चरित्रात्मक इतिहास १७६९ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर छापील ग्रंथात बाहेरून मिळविलेली चित्रे जोडण्याची प्रथा फोफावली. एकोणिसाव्या शतकात रंगीत शिलामुद्रणामुळे फुले, पक्षी, देवदूत इत्यादींची कापून चिकटविण्याजोगी चित्रे स्वस्तात मिळू लागली. अमेरिकन लेखक मार्क ट्वेन हा स्वतः चिकटवह्यांचा शौकीन होता. पाने केवळ ओली केली की कात्रणे चिकटावीत, अशा वहीचे एकस्व त्याने १८७३ मध्ये मिळविले.

या वह्यांचे मोल केवळ घरगुती नव्हते. फिलाडेल्फियातील विल्यम डॉर्सी (१८३७–१९२३) या कृष्णवर्णीय संग्राहकाने वृत्तपत्रांतील कात्रणांच्या सुमारे ४०० वह्या तयार केल्या. आपल्या समाजाच्या ज्या जीवनाची दखल तत्कालीन ग्रंथकारांनी क्वचितच घेतली, त्याचा तपशील या वह्यांमुळे पुढील इतिहासकारांच्या हाती आला. 

कोडॅक कंपनीचा पहिला हातकॅमेरा १८८८ मध्ये व स्वस्त ब्राउनी कॅमेरा १९०० मध्ये बाजारात आल्यावर कात्रणांची जागा हळूहळू कौटुंबिक छायाचित्रांनी घेतली. या छंदाच्या आधुनिक रूपाचा उगम सामान्यतः यूटा राज्यात मानला जातो. तेथील मॉर्मन पंथीयांत वंशवृत्त जतन करण्यास धार्मिक महत्त्व आहे. सॉल्ट लेक सिटी येथे १९८० मध्ये भरलेल्या जागतिक अभिलेख परिषदेत मेरिलेन ख्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाच्या सजविलेल्या वह्या मांडल्या आणि त्यांतून या छंदास मोठी चालना मिळाली. आम्लयुक्त कागद व पॉलिव्हिनिल क्लोराइडची आवरणे यांमुळे छायाचित्रे खराब होतात, ही जाणीव पसरून आम्लरहित कागद व सुरक्षित डिंक यांचा व्यापारही वाढला. महाराष्ट्रात चिकटवही परिचित आहे ती प्रामुख्याने शालेय उपक्रम म्हणून. चित्रे व वृत्तपत्रांतील कात्रणे विषयवार लावणे, हे तिचे स्वरूप असते.

साधने व तंत्र : डिजिटल चिकटवहीचा तांत्रिक आधार म्हणजे थरांची रचना. फोटोशॉप या चित्रसंस्करण आज्ञावलीत ती १९९४ मध्ये आली. तळाशी पार्श्वभूमीचा कागद, त्यावर चौकट, त्यावर छायाचित्र व सर्वांत वर अक्षरे असे स्वतंत्र थर असल्याने कोणताही घटक इतरांस धक्का न लावता हलविता, फिरविता वा पुसून टाकता येतो. जेपेग स्वरूपाच्या चित्रात पारदर्शक भाग ठेवता येत नाही. १९९६ मध्ये प्रमाणित झालेल्या पीएनजी स्वरूपात तो ठेवता येतो. त्यामुळे पाने-फुले, फिती, बटणे यांच्या प्रतिमा पांढऱ्या चौकोनाविना कडेबरहुकूम मिळू लागल्या. सामान्य ग्राहकांसाठी २००१ मध्ये निघालेल्या फोटोशॉप एलिमेंट्स या आज्ञावलीने आणि स्वस्त होत गेलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांनी या छंदाचा प्रसार केला.

पानाचे रूढ आकारमान कागदी वहीप्रमाणेच १२ × १२ इंच असते. छपाईसाठी दर इंचास ३०० चित्रबिंदू धरल्यास एका पानात ३,६०० × ३,६०० म्हणजे १,२९,६०,००० चित्रबिंदू येतात. सपाट प्रतिमांना कागदाचा आभास येतो तो मुख्यतः सावलीमुळे. पानावरील सर्व वस्तूंच्या सावल्या एकाच दिशेस पडाव्या लागतात. शिवाय पातळ कागदाची सावली अरुंद व गडद, तर उचललेल्या फुलाची रुंद व फिकट असावी लागते. हा नियम मोडल्यास वस्तू पानावर चिकटलेली न दिसता तरंगताना दिसते.

आव्हानांचे प्रकार : आव्हान देणारा अटी जाहीर करतो, सहभागी छांदिष्ट मुदतीत पान तयार करून सर्वांस दाखवितात व परस्परांच्या पानांवर अभिप्राय देतात. बहुधा यात चुरस नसते. पान पूर्ण करणाऱ्या प्रत्येकास कागद-फुलांच्या प्रतिमांचा एखादा संच भेट मिळतो. अटींवरून काही प्रकार पडतात. ‘पाककृती’ या प्रकारात दोन कागद, एक फीत, तीन फुले याप्रमाणे घटकांची यादी ठरवून दिलेली असते. आराखड्याच्या आव्हानात छायाचित्रे व मजकूर यांच्या जागा, तर रंगांच्या आव्हानात रंगसंगती नेमून दिली जाते. दुसऱ्याच्या पानाची रचना, त्याचा नामनिर्देश करून, स्वतःच्या विषयासाठी वापरणे हाही एक मान्य प्रकार आहे. शीघ्ररचनेत दर काही मिनिटांनी एकेक सूचना मिळते व पुढील सूचना कोणती याची कल्पना आधी नसते. लेखनाच्या आव्हानात एखादा प्रश्न वा विषय देऊन मजकुराची किमान शब्दसंख्या ठरविली जाते. मे महिन्यातील पहिला शनिवार अमेरिकेत चिकटवहीचा दिवस म्हणून पाळला जातो व त्या सुमारास अशा आव्हानांची रेलचेल असते.

अटींचे कार्य : बंधनामुळे कल्पकतेला चालना मिळते, हा अनुभव भारतीय परंपरेला नवा नाही. समस्यापूर्तीत दिलेला चरण कवीला बांधतो आणि त्याच वेळी आरंभही करून देतो. चिकटवहीच्या आव्हानातही हेच घडते. कागदी वहीत साहित्याच्या खर्चामुळे निवड आपोआप होत असे. संगणकात कागद संपत नाही व छायाचित्रांनाही मर्यादा नसते. परिणामी निवड लांबणीवर पडते आणि पान होतच नाही. ‘एकच छायाचित्र, तीनच रंग व किमान पन्नास शब्द’ अशी अट पडताच सहलीच्या दोनशे छायाचित्रांतील कोणते ठेवावे, हा प्रश्न सोडवावाच लागतो. आणि पन्नास शब्द भरावयाचे म्हणजे छायाचित्रात न दिसणारे, उदा., त्या दिवशी कोण आले नव्हते, कोण काय म्हणाले, हे लिहावे लागते. नाव, स्थळ व दिनांक नसलेले छायाचित्र दोन पिढ्यांनंतर अनोळखी माणसांचे होते. ही हानी कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही.

मर्यादा : अटी पाळण्याच्या भरात आठवण गौण ठरून पान हा केवळ सजावटीचा पाठ होण्याचा धोका असतो. नवीन संच खपविण्यासाठीही आव्हाने योजली जातात. संचांतील प्रतिमांवर त्यांच्या कर्त्यांचा स्वामित्वहक्क असतो व वापराची परवानगी बहुधा वैयक्तिक कामापुरतीच असते. शिवाय अनेकांनी एकच संच वापरल्याने पाने एकसारखी दिसतात. अनुभवी छांदिष्ट म्हणून हस्ताक्षरातील चिठ्ठी, तिकीट, रेसिपीचा डागाळलेला कागद यांच्या प्रतिमा टिपून पानात घेतात.

जतन : कागद पिवळा पडत पडत नष्ट होतो, डिजिटल धारिका मात्र बहुधा अखेरपर्यंत निर्दोष असते व एके दिवशी उघडेनाशी होते. साठवणीचे साधन बिघडणे, आज्ञावली कालबाह्य होणे आणि परक्या सेवेवर ठेवलेला संग्रह ती सेवा बंद पडल्याने नाहीसा होणे, ही त्याची प्रमुख कारणे आहेत. याहू कंपनीने जिओसिटीज ही सेवा २००९ मध्ये अमेरिकेत बंद केली, तेव्हा असंख्य घरगुती पृष्ठे मूळ जागेवरून नाहीशी झाली. म्हणून थर असलेली मूळ धारिका, सर्वत्र उघडणाऱ्या स्वरूपातील एक सपाट प्रत आणि या दोहोंची वेगळ्या ठिकाणी ठेवलेली नक्कल अशी तिहेरी व्यवस्था इष्ट समजली जाते. जेपेग धारिका पुनःपुन्हा बदलून साठविल्यास दर वेळी तिचा दर्जा घटत असल्याने बदल नेहमी मूळ धारिकेतच करावेत. निवडक पाने आम्लरहित कागदावर छापून बांधून घेणे हा उपाय अद्यापही सर्वांत भरवशाचा आहे, कारण असे पान वाचण्यासाठी प्रकाशाखेरीज कोणतेही साधन लागत नाही.