रोमचं बंदर रोमात नसतं

आमच्या घरात क्रूझचा विषय निघाला की पहिलं वाक्य आत्याचं असतं : "मला बोट लागते." आत्या बोटीत शेवटची चढली ती भाऊच्या धक्क्यावर, 'कोकण सेवक'मध्ये, देवगडला जायला. डेकवर सतरंजी, उशाला ट्रंक, शेजारी कुणाची तरी कोंबड्यांची करंडी आणि रात्रभर उलट्या. एवढ्या अनुभवावर तिने समुद्राला कायमचा रामराम ठोकला. दुसऱ्या टोकाला आमचा मेहुणा. "सात रात्रींत पाच देश, खाणंपिणं सगळं धरून," असं जाहिरातीत वाचलं आणि त्याने त्याच संध्याकाळी आगाऊ रक्कम भरून टाकली. आत्याची भीती आणि मेहुण्याचा उत्साह, दोन्ही सारख्याच अपुऱ्या माहितीवर उभे होते.

माझ्या आजवरच्या चार क्रूझ झाल्या : एक मुंबई-गोवा, दोन सिंगापूरहून, एक भूमध्य समुद्रातली. नाराज होऊन परतलेले लोक चारही वेळा भेटले आणि त्यांतल्या बहुतेकांची तक्रार जहाजाबद्दल नव्हती. आपण पैसे कशाचे मोजले, हेच त्यांना नीट कळलं नव्हतं. तुम्ही विकत घेता ते जहाज. बंदरं तोंडी लावायला.

"बोट लागणारच"

बोट लागते ती कानामुळे. आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय. बंद खोलीतले डोळे सांगतात की समोरची भिंत जागेवर आहे. या भांडणात पोट बिघडतं. कोकण बोटी लहान होत्या, लाट आली की सगळी बोट उचलली जायची. आजची जहाजं वेगळ्याच मापाची आहेत. सिंगापूरहून सुटणाऱ्या आणि आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या आवडत्या 'गेंटिंग ड्रीम'चं ग्रॉस टनेज दीड लाखाच्या वर आहे. 'टायटॅनिक'चं सेहेचाळीस हजारांच्या आसपास होतं. (हे टन वजनाचे नसतात, ते जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं माप असतं. या आकड्यावरून जहाजाचं वजन सांगणाऱ्यांशी मी हल्ली वाद घालत नाही.) शिवाय पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते जहाजाचं डावं-उजवं डोलणं बरंच कमी करतात. पुढचं टोक वर-खाली होतं ते मात्र त्यांना फारसं आवरत नाही.

म्हणून ज्याला त्रास होतो त्याने केबिन निवडताना खालचा मजला आणि जहाजाचा मध्यभाग बघावा. झोपाळ्याच्या टोकाला बसलेल्याला हेलकावा जास्त लागतो, बिजागरीपाशी कमी, तसंच हे. गंमत म्हणजे खालच्या मजल्यावरच्या केबिन बहुधा स्वस्त असतात, आणि वरच्या महाग. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी. या गोळ्यांनी झोप येते आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना त्या चालतीलच असं नाही, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी. आणि पावसाळ्यात अरबी समुद्राच्या वाटेला जाऊ नये. तेव्हा कोकण बोटीही बंद असत. मुंबईहून निघणाऱ्या क्रूझचा हंगाम आजही साधारण ऑक्टोबर ते मे असाच असतो.

आत्याला आम्ही शेवटी सिंगापूरच्या क्रूझवर नेलं. मलाक्काच्या सामुद्रधुनीत पाणी इतकं शांत होतं की दुसऱ्या दिवशी ती विचारत होती, "सुटली का बोट?"

"सात रात्रींत पाच शहरं पाहून होतात"

सगळ्यात जास्त हिरमोड इथे होतो. कार्यक्रमपत्रिकेत 'रोम' असं लिहिलेलं असतं. जहाज लागतं चिवितावेक्कियाला. तिथून रोम सत्तर-ऐंशी किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथून पुढे नव्वदेक किलोमीटर. 'पॅरिस' म्हणून ल आव्रला उतरवतात ते जवळपास दोनशे किलोमीटरवर. 'बर्लिन'साठी जहाज वार्नेम्युंडेला लागतं, म्हणजे मुंबईत उतरवून नाशिक दाखवण्यापेक्षाही लांब. आशियातही तेच : 'बँकॉक'चं बंदर लेम चाबांग, 'क्वालालंपूर'चं पोर्ट क्लांग. १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीने मोठ्या जहाजांना व्हेनिसच्या ज्युदेक्का कालव्यातून जायला मनाई केली. तेव्हापासून 'व्हेनिस' लिहिलेल्या काही क्रूझ प्रत्यक्षात राव्हेन्नाहून सुटतात. आणि परदेशात कशाला जायचं? मुंबईच्या क्रूझचं 'गोवा' म्हणजे मुरगाव. कळंगुटच्या किनाऱ्याचं स्वप्न बघत उतरलेला माणूस वास्कोत टॅक्सीवाल्याशी घासाघीस करत उभा असतो.

आता रोमचा हिशेब मांडून बघा. जहाज सकाळी सातला लागलं आणि संध्याकाळी सातला सुटणार आहे. बारा तास हाताशी आहेत असं वाटतं. उतरायला आणि स्टेशनवर पोचायला एक-दीड तास. गाडीला जाता-येता मिळून दोन-अडीच. सुटण्याच्या किमान तासभर आधी परत, आणि रेल्वे उशिरा धावली तर म्हणून आणखी तासभर हाताशी. उरले सहा तास. त्यात व्हॅटिकन आणि कलोसियम दोन्ही उरकणं म्हणजे पंढरपूरला जाऊन कळसाचं दर्शन घेऊन फिरण्यासारखं. एकच निवडा. व्हॅटिकन निवडलंत तर मुख्य स्टेशनापर्यंत जाऊही नका, अलीकडे सान पिएत्रोला उतरा, तिथून चालत जाता येतं. मेहुण्याने दोन्ही निवडली होती. त्याच्या फोटोंत रोम आहे ते मुख्यतः बसच्या काचेतून.

काही ठिकाणी तर धक्काच नसतो. सँटोरिनीला जहाज बाहेर थांबतं आणि लहान बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतात. या बोटींना तिथे टेंडर म्हणतात. हर्णैला किंवा वेंगुर्ल्याला आगबोटीतून पडावात उतरलेल्या पिढीला यात नवल वाटणार नाही. नवल एवढंच की पुढे कड्यावरच्या गावात जायला केबल कार, तिला रांग, नाहीतर पाचशेऐंशीहून जास्त पायऱ्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आपल्या कार्यक्रमात कुठे धक्का आहे आणि कुठे टेंडर, हे आधी विचारावं. समुद्र खवळला तर टेंडर निघत नाहीत आणि ते बंदर सरळ गाळतात. लक्षद्वीपच्या फेऱ्यांवर ही शक्यता कायम धरून चालावी. तिकिटाच्या करारात कप्तानाला तसा अधिकार दिलेला असतो. परत मिळालं तर साधारण त्या बंदराचं शुल्क मिळतं, भाड्याचा वाटा नाही.

"थोडा उशीर झाला तर थांबतील"

कंपनीच्याच सहलीवर असाल तर बहुधा थांबतील. स्वतःहून फिरायला गेला असाल तर नाही. मग पुढचं बंदर स्वखर्चाने गाठायचं. यात एक बारीक खोडा आहे. फुकेतचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. सिंगापूरहून आलेलं जहाज मात्र कित्येकदा सिंगापूरच्याच वेळेवर चालतं. तुमचा मोबाइल किनाऱ्यावर पोचताच शहाणपणाने स्थानिक वेळ दाखवायला लागतो आणि तुम्ही निवांत नारळपाणी पीत बसता. जहाजाची वेळ दाखवणारं साधं मनगटी घड्याळ हातात ठेवावं, हा सल्ला मला एका निवृत्त खलाशाने दिला होता. त्यासारखा उपयोगी सल्ला मला दुसरा मिळालेला नाही.

निघतानाही हेच. क्रूझ सुटण्याच्या दिवशीच विमानाने पोचायचा बेत करू नये. आदल्या रात्री मुक्काम करावा. सिंगापुरात दोन क्रूझ टर्मिनल आहेत, मरिना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीत बसताना नुसतं "क्रूझ टर्मिनल" म्हणून चालत नाही.

"सगळं धरून आहे"

केबिन, मुख्य भोजनगृहं, बुफे, बहुतेक करमणूक हे धरून असतं. दारू, शीतपेयं, खास रेस्टॉरंट, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली हे बहुधा वेगळं. सेवाशुल्क, म्हणजे टिप, माणशी दररोज आपोआप खात्यात चढते. अमेरिकी कंपन्यांवर ती साधारण १५ ते २० डॉलर धरावी. चौघांच्या सात रात्रींचा गुणाकार तुम्हीच करा, आणि लहान मुलाचीही लागते हे विसरू नका. जहाजावर रोकड चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर. त्यासाठी सुरुवातीला बँकेच्या कार्डावर रक्कम अडकवून ठेवतात. डेबिट कार्ड दिलंत तर तुमचेच पैसे काही दिवस तुम्हाला वापरता येत नाहीत. परदेशी सहलीच्या बिलावर टीसीएस, म्हणजे सहल विकणाऱ्याने आगाऊ वसूल केलेला कर, लागतो. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, पण त्या महिन्यात खिशातून जातोच.

मोबाइलचं बिल हा स्वतंत्र अपघात. खोल समुद्रात फोनला जे नेटवर्क दिसतं ते जहाजाचंच, उपग्रहामार्फत चालणारं, आणि साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा बसत नाही. जहाज सुटलं की फोन फ्लाइट मोडवर.

डॉक्टर जहाजावर असतो, फुकट नसतो. तपासणीचंही बिल होतं, आणि गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने हलवायची वेळ आली तर तो आकडा घर हलवणारा असू शकतो. देशातला आरोग्य विमा परदेशात सहसा चालत नाही. प्रवास विमा घेताना त्यात क्रूझ आणि वैद्यकीय स्थलांतर हे दोन शब्द आहेत का, ते वाचा. नुसतं एजंटला विचारू नका.

"व्हिसा जहाजवाले बघतील"

ते फक्त तपासतील, आणि नसेल तर धक्क्यावर ठेवून निघून जातील. सिंगापूरहून निघून सिंगापूरला परतणं म्हणजे त्या देशात दोनदा प्रवेश. बार्सिलोनाहून निघून मध्ये तुर्कस्तान किंवा ट्युनिशिया करून परत येणं म्हणजे युरोपच्या शेंगेन क्षेत्रात दोनदा प्रवेश. व्हिसावर 'मल्टिपल' हा शब्द डोळ्यांनी बघावा. पासपोर्ट परतीनंतर सहा महिने चालू असावा. काही जहाजांवर तो कंपनीच्या ताब्यात राहतो, म्हणून छायाप्रत जवळ ठेवावी. गरोदर बाईला चोविसावा आठवडा लागला असेल तर बहुतेक कंपन्या घेत नाहीत, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळालाही नाही.

"केबिनमध्ये कोण बसतंय, कुठलीही चालेल"

साधी केबिन दीडशे ते पावणेदोनशे चौरस फुटांची असते. म्हणजे चाळीतली दहा-बाय-सोळाची खोली, आणि त्यातच संडास-बाथरूम. चौघं असाल तर तिसरा आणि चौथा बिछाना छतातून खाली येतो, शिडीने चढायचा. तिथे सासऱ्यांना झोपवता येणार नाही, हे आरक्षण करतानाच ध्यानात घ्यावं. जहाजाचा आराखडा बघून वर काय, खाली काय तेही पाहावं. डोक्यावर पोहण्याच्या तलावाचा डेक आला तर पहाटे पाचला खुर्च्या ओढल्याचा आवाज, पायाखाली नाट्यगृह आलं तर रात्री अकरापर्यंत ढोल. आतली बिनखिडकीची केबिन मला स्वतःला आवडते. स्वस्त, आणि दुपारीही मिट्ट काळोख. पण ज्याला कोंडल्यासारखं होतं त्याने तिथे पैसे वाचवू नयेत.

माहितीपत्रकात नसतं ते आता सांगतो. संडासात जेट स्प्रे बहुधा नसतो. किटली नेऊ नका, इस्त्रीही नको. आगीच्या भीतीने जप्त करतात आणि उतरताना परत देतात. मेथीचे ठेपले, चकल्या केबिनमध्ये चालतात, पण अनेक देशांत खाण्याच्या वस्तू घेऊन किनाऱ्यावर उतरायला बंदी असते. शाकाहारी जेवण सिंगापूरच्या जहाजांवर उत्तम मिळतं, जैन मात्र आगाऊ कळवावं लागतं. भूमध्य समुद्रातल्या जहाजांवर पनीरची अपेक्षा ठेवू नये. नटूनथटून जेवायला जायच्या रात्री सुटाबुटाची सक्ती बहुधा नसते. पैठणी नेसलेल्या आत्याबरोबर फोटो काढायला त्या रात्री रांग लागली होती.

"आता कुठली जहाजं बुडतात?"

१७ जुलै १९४७ला 'रामदास' बोट रेवसजवळ बुडाली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आत्याच्या पिढीची भीती हवेतली नाही. आज जहाजं मोठी झाली, उपकरणं सुधारली. तरीही १३ जानेवारी २०१२ला 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' इटलीच्या जिल्यो बेटापाशी खडकावर आपटलं, ३२ जण दगावले. चिवितावेक्कियाला त्याच संध्याकाळी चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती चोवीस तासांत झाली तरी चालत होती. २०१५ पासून ती सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या घ्यावी लागते. त्या वीस मिनिटांत लोक बुफेच्या रांगेत असतात आणि नाव पुकारलं की चिडतात. सात लहान भोंगे आणि एक लांब, एवढी खूण तरी लक्षात ठेवावी.

प्रत्यक्षात गाठतो तो पोटाचा विषाणू, नोरोव्हायरस. त्याला सॅनिटायझर पुरेसा नाही. जेवणाआधी साबणाने हात धुवावे लागतात.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा चिठ्ठी लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या रात्रीच खाली जातात आणि थेट धक्क्यावर मिळतात. सकाळसाठी लागणारे कपडे, औषधं आणि पासपोर्ट बाजूला काढायचे असतात. आमच्या शेजारच्या केबिनमधल्या काकांनी अतिशय शिस्तीने सगळं भरून, कुलूप लावून बॅग बाहेर ठेवली होती. सकाळी ते नाश्त्याला आले ते पोहण्याची चड्डी आणि वर ब्लेझर अशा वेषात. काकू दोन टेबलं सोडून बसल्या होत्या.