मिठाच्या कणाचा शंभरावा भाग

मोठ्या माणसाची मूत्रपिंडं दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यात जवळजवळ दीड किलो मीठ असतं आणि नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त रक्तात परत येतं. त्यातल्या शेवटच्या तीसेक ग्रॅमांची राखण अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक करतं. साऱ्या रक्तात मिळून ते असतं अर्ध्या मायक्रोग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकाच्या बारीक मिठाचा एकच कण घ्या, त्याचे शंभर तुकडे करा. त्यातला एक तुकडा, बस्स.

हे संप्रेरक अ‍ॅड्रिनल ग्रंथी बनवते; काही बाळांच्या ग्रंथीला तेवढंही जमत नाही. आई-बाप दोघेही ठणठणीत, पण दोघांकडे सदोष जनुकाची एकेक प्रत असते. मग दर बाळंतपणात चारात एक धोका. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने पाच शहरांत 1,04,066 नवजात बाळं तपासली, तेव्हा 5,762 बाळांमागे एकाला हा आजार निघाला. मुंबईत 9,983 मागे एक, चेन्नईत 2,036 मागेच एक!

आता हाच आकडा जोयडा तालुक्यात नेऊन पाहा. काळी नदीचं रान, विखुरलेल्या वाड्या, वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. वर्षाला आठशे जन्म धरले, तर असं बाळ येईल सात वर्षांतून एकदा. इथल्या डॉक्टरांनी ते कधी पाहिलेलंच नसेल, तर दोष कोणाला द्यायचा? मुलीच्या बाह्य जननेंद्रियांवरून जन्मताच शंका येऊ शकते. मुलगा मात्र अगदी नॉर्मल दिसतो. दुसऱ्या आठवड्यात तो ओकू लागतो, दूध ओढत नाही, सुकत जातो. घरच्यांना वाटतं, पोट बिघडलंय. इकडे रक्तातलं सोडियम घसरतं, पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडू शकतं.

उपचार मात्र साधा आहे: संप्रेरकांच्या गोळ्या, त्या जन्मभर, आणि तान्हेपणी दिवसाला एक-दोन ग्रॅम मीठ. आजार वेळेत हेरायला लागतात टाचेतून गाळणकागदावर घेतलेले रक्ताचे काही थेंब. शेजारच्या गोव्याने 2008 साली राज्यभरातल्या नवजातांची अशी तपासणी सुरू केली. पूर्वी गोव्याचं मीठ घाट चढून इकडे येई. ही तपासणीही घाटावरच्या प्रत्येक बाळापर्यंत यायला हवी.

तोवर एवढं करा. दुसऱ्या आठवड्यात बाळ ओकत असेल आणि वजन घटत असेल, तर थांबू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना विचारा, ‘सोडियम-पोटॅशियम तपासलं का?’